खेळाडू घेताना स्वभाव कसा जोखतात?

फुटबॉल क्लबची पहिली चाळणी खेळाचीच असते. आकडेवारी, व्हिडिओ, वय, दुखापतींचा इतिहास पाहून शेकडो नावांतून मोजकी उरतात. स्वभावाची पारख त्यानंतर सुरू होते, कारण माणूस कितीही गुणी असला तरी खेळ बेताचा असेल तर वरच्या पातळीवर निभाव लागत नाही.

मग स्काउट, म्हणजे क्लबसाठी खेळाडू हेरणारा माणूस, मैदानावर जातो. कॅमेरा चेंडूमागे फिरतो; स्काउट त्या एका खेळाडूवरून नजर हलवत नाही. पास चुकल्यावर तो हात उडवत उभा राहतो, की चेंडू परत मिळवायला लगेच मागे पळतो? बदलल्यावर बाकावर कसा बसतो? संघ हरत असतानाचे सामने तर आवर्जून पाहावेत. जोडीला जुन्या प्रशिक्षकांकडे आणि सहकाऱ्यांकडे चौकशी होते: सरावाला वेळेवर येतो का, दुखापतीनंतरचा व्यायाम नेटाने करतो का?

लिव्हरपूलची उदाहरणे बोलकी आहेत. २०१४ मध्ये लुईस सुआरेझ गेल्यावर क्लबने मारिओ बालोटेलीला सुमारे १.६ कोटी पौंडांना घेतले. त्याची गुणवत्ता आणि त्याच्याभोवतीचे वाद, दोन्ही सर्वांना ठाऊक होते. संघाच्या धावपळीच्या खेळात तो रुळलाच नाही. त्या मोसमात लीगमध्ये १६ सामन्यांत त्याचा एकच गोल झाला. पुढच्याच वर्षी मँचेस्टर सिटीचा करार संपलेला जेम्स मिल्नर हस्तांतर शुल्काशिवाय आला. मधल्या फळीतल्या या खेळाडूने २०१६-१७ चा जवळपास पूर्ण मोसम डाव्या बचावात खेळून काढला.

पण स्वभाव जोखतानाही फसगत होते. डॉर्टमुंडला असताना प्रशिक्षक युर्गेन क्लॉप यांनी तिरकी टोपी घातलेला, केसांत सोनेरी बट असलेला सादिओ माने पाहिला आणि हा नवखा रॅपर दिसतो म्हणून त्याचा नाद सोडला. ती चूक त्यांनी पुढे उघडपणे कबूल केली. २०१६ मध्ये त्यांनीच मानेला लिव्हरपूलला आणले आणि २०१९ ची चॅम्पियन्स लीग व २०२० ची प्रीमियर लीग त्याच्या साथीने जिंकली.

म्हणून पेहराव आणि ऐकीव किस्से बाजूला ठेवून पुन्हा पुन्हा दिसलेल्या वागण्याचीच नोंद करावी. त्यातले काय वयाने निवळेल आणि काय हाडात भिनलेले आहे, हे वेगळे काढावे. परक्या शहरात आलेल्या तरुणाला सांभाळून घेणारे अनुभवी खेळाडू आपल्याकडे आहेत का, हेही करारावर सही होण्याआधी तपासावे. निम्मी जबाबदारी घेणाऱ्या क्लबचीच असते.