सहा गुंठ्यांचे निकेल

नीरा डाव्या कालव्यामागोमाग बारामती-इंदापुरात ऊस आला आणि उसामागोमाग माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर इथले कारखाने. इंदापूर तालुक्यातल्याच वालचंदनगरने तर साखर कारखान्यांची यंत्रे घडवली. आता या पट्ट्यात साखरेइतकीच चर्चा इथेनॉलची असते. पण डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने आणली आणि एकाच गिऱ्हाइकावर विसंबणे किती महागात पडते, ते कारखान्यांना कळले. पेट्रोलमधले २० टक्के मिश्रणही २०२५ मध्ये गाठून झाले. पुढचे गिऱ्हाईक कोण?

एक उत्तर पुण्याच्या विमानतळावर मिळाले. १९ मे २०२३ रोजी दिल्लीला गेलेल्या एका प्रवासी विमानाच्या इंधनात देशी जैवइंधनाचा थोडा अंश होता. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने इंडियन ऑइलच्या साथीने ते आणले होते. दुसरे उत्तर कारखान्याच्या मागच्या अंगणातच पडून असते: प्रेसमड. ते कुजवले की बायोगॅस मिळतो. त्यात निम्म्याहून जास्त मिथेन आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. या दोन वायूंची निकेलवर, सातशे-आठशे अंशांना गाठ घालून दिली की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हाती येतात, आणि त्यांच्यापासून डिझेलसारखे द्रव इंधन करता येते. कागदावर हे सोपे आहे. अडते ते निकेलपाशी.

उत्प्रेरकाला लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाची उपमा देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती अपुरी वाटते, कारण मध्यस्थाला पृष्ठभाग नसतो आणि इथे सगळा खेळ पृष्ठभागाचा आहे. निकेलचा एक घन सेंटिमीटरचा ठोकळा घ्या. त्याच्या सहा बाजू मिळून पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. त्याचेच दहा नॅनोमीटरचे ठोकळे केले, तर पृष्ठभाग सहाशे चौरस मीटर होतो, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे. धातू तितकाच, जमीन मात्र चिमटीएवढीची सहा गुंठे झाली.

ही जमीन टिकवणे अवघड असते. नेहमीच्या पद्धतीत निकेल नायट्रेटचे द्रावण अॅल्युमिनासारख्या सच्छिद्र आधारात मुरवतात, वाळवतात, चार-पाचशे अंशांवर भाजतात आणि मग हायड्रोजन सोडून धातू मोकळा करतात. भाजताना कण सरकतात, एकमेकांना चिकटतात, मोठे होतात. मोठ्या कणांवर मिथेनमधला कार्बन साचतो, त्याचे सूक्ष्म धागे वाढतात, ते कणालाच आधारावरून उचलतात आणि शेवटी नळी तुंबते.

प्लाझ्माचा उपयोग इथे होतो. घरातली ट्यूबलाइट म्हणजे प्लाझ्माच. आतले इलेक्ट्रॉन हजारो अंश तापमानाचे, पण काच हाताला जेमतेम कोमट लागते, कारण तापलेले आहेत ते फक्त इलेक्ट्रॉन. वायूचे जड कण थंडच असतात. अशा थंड प्लाझ्मात मुरवलेला आधार ठेवला तर इलेक्ट्रॉन नायट्रेट फोडतात. भाजणे टळते आणि कणांना सरकायला उष्णता मिळत नाही. चीनमधल्या तिआनजिन विद्यापीठात चांगजुन लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीवर बरीच वर्षे काम केले. असे घडवलेले निकेल कार्बनला जास्त काळ दाद देत नाही, असे त्यांना आढळले. प्लॅटिनम, पॅलेडियम यांसारखे धातू तर आरगॉनच्या प्लाझ्मात हायड्रोजनविनाच मोकळे होतात. निकेल मात्र हट्टी. त्याला नंतर हायड्रोजन द्यावाच लागतो.

म्हणून मी याला जादू म्हणणार नाही. प्रयोगशाळेत काचेच्या नळीत, कमी दाबाखाली काही ग्रॅम तयार होतात. कारखान्याला टनांनी लागेल. शिवाय थंडपणे घडवलेल्या उत्प्रेरकाला कामाला जुंपायचे ते सातशे अंशांतच. तिथे बारीक कण किती महिने बारीक राहतात, यावरच सगळा हिशेब ठरेल. विजेची चिंता तुलनेने कमी, कारण बगॅसवरची वीजनिर्मिती या पट्ट्याला नवी नाही.

माझ्या मते खरी अडचण वेळापत्रकाची आहे. ऊस दिवाळीच्या सुमाराला येऊ लागतो आणि चार-पाच महिन्यांत संपतो. अणुभट्टीसारखी ही भट्टीही बाराही महिने चालली तरच परवडते. ती बंद ठेवायची तर निकेलला हवा लागू देता येत नाही. लागलीच, तर त्याचे ऑक्साइड होते आणि पुढच्या हंगामात पहिली मोळी टाकण्याआधी पुन्हा हायड्रोजन सोडून ते जागे करावे लागते.