व्यावसायिक कुस्ती व चित्रपट

व्यावसायिक कुस्ती व चित्रपट : ज्या कुस्तीतील जयपराजय व लढतीतील मुख्य प्रसंग आधीच ठरविलेले असतात आणि तरीही जी खरी स्पर्धा म्हणून सादर केली जाते, अशा व्यावसायिक कुस्तीचे चित्रपटांतील चित्रण. संगनमताने खेळलेल्या कुस्तीस महाराष्ट्रात ‘नुरा कुस्ती’ म्हणतात. बीड जिल्ह्यात, तसेच मराठवाड्यात अन्यत्र, जत्रांमधून इनामाच्या कुस्त्या होतात. त्यांत प्रतिस्पर्ध्यास चीतपट करून झालेल्या निकाली कुस्तीस मान असतो व नुरा कुस्ती हा मल्लाच्या नावाला लागलेला बट्टा समजला जातो. व्यावसायिक कुस्तीत मात्र असा पूर्वसंकेत हाच खेळाचा पाया होय. तो गुप्त राखण्याच्या दंडकास अमेरिकन मल्ल ‘केफेब’ म्हणतात. हे गुपित पाळावयाचे की उघड करावयाचे, यांवरून अशा चित्रपटांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात.

पहिल्या वर्गातील चित्रपट रिंगणातील लढत खरीच मानून चालतात. भारतात १९५० नंतरच्या दोन दशकांत फ्रीस्टाइल कुस्त्यांचे प्रयोग लोकप्रिय झाले. दारासिंग यांनी १९५९ मध्ये कलकत्त्यास जॉर्ज गोर्डिएन्कोस, तर १९६८ मध्ये मुंबईस लू थेझ यास हरविले. या कीर्तीवरच किंगकाँग (१९६२), फौलाद (१९६३) यांसारखे त्यांचे पोशाखी साहसपट उभे राहिले. त्यांतील नायकाचे बळ निःसंशय खरे मानलेले असते. खिलाडियों का खिलाडी (१९९६) या हिंदी चित्रपटात ‘अंडरटेकर’ या अमेरिकन पात्राशी नायकाची लढत दाखविली आहे. पण ती भूमिका मूळ मल्लाने नव्हे, तर ब्रायन ली याने केली होती. अमेरिकेत नो होल्ड्स बार्ड (१९८९) या चित्रपटात हल्क होगनच्या लढती खऱ्या म्हणून रंगविल्या गेल्या. त्याच वर्षी त्या चित्रपटामागील कुस्तीसंस्थेने न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे, आपल्या कुस्त्या म्हणजे स्पर्धा नसून मनोरंजन आहे, अशी कबुली दिली. क्रीडास्पर्धांवरील सरकारी नियंत्रण व कर टाळणे हा तिचा हेतू होता.

दुसऱ्या वर्गातील चित्रपट पडद्यामागील व्यवहार दाखवितात. ज्यूल्स डॅसिनच्या नाइट अँड द सिटी (१९५०) मध्ये दिखाऊ कुस्तीचा तिटकारा असलेला वृद्ध मल्ल अखेर खरी झुंज देतो, जिंकतो आणि त्या श्रमाने मरण पावतो. ही भूमिका स्तानिस्लाउस झ्बिस्को या पोलिश मल्लाने केली. गामा पहिलवानाने १९२८ मध्ये पतियाळा येथे त्यास मिनिटाच्या आतच पाडले होते. त्याआधी, १९२५ मध्ये, ठरलेला पराभव नाकारून झ्बिस्कोने वेन मन याला रिंगणात खरोखरच हरविले होते. त्यामुळे त्याच्या भूमिकेस प्रत्यक्ष जीवनाचा आधार लाभला. डॅरेन अॅरोनॉफ्स्कीच्या द रेसलर (२००८) मध्ये मल्ल लढतीपूर्वी डाव आपसांत ठरवितात. नायक मनगटाच्या पट्टीत पात्याचा तुकडा लपवून स्वतःच्या कपाळातून रक्त काढतो. निकाल खोटा, परंतु रक्त, जखमा व वार्धक्य खरे, हे या चित्रपटाचे सूत्र होय. व्हेनिस महोत्सवात त्यास सुवर्णसिंह पारितोषिक मिळाले.

ठरविलेली कुस्ती म्हणजे वेदनारहित कुस्ती नव्हे. उचलून आपटण्याच्या डावात आपटला जाणारा मल्ल उडी घेऊन साथ देतो आणि आपटणारा त्याची मान व पाठ सांभाळतो. एकाची चूक दुसऱ्यास कायमची जायबंदी करू शकते. म्हणून तेथे वैर दिखाऊ असले, तरी परस्परविश्वास खरा असावा लागतो. पहिल्या वर्गातील चित्रपटांत ही बाजू सहसा झाकलेली राहते.

खऱ्या कुस्तीवरील चित्रपटही रचनेपासून मुक्त नसतात. दंगल (२०१६) मध्ये गीता फोगाट हिची २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील अंतिम लढत अखेरच्या क्षणापर्यंत ताणलेली दिसते. प्रत्यक्षात ती तिने सहज जिंकली होती. वडिलांना खोलीत कोंडण्याचा प्रसंगही काल्पनिक आहे. याउलट, पाटोदा (जि. बीड) येथील राहुल आवारे यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक व २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक मिळविले, ते निकाल आधी कोणासही ठाऊक नव्हते. ही अनिश्चितता हाच क्रीडा व प्रयोग यांतील मूलभूत भेद होय.