परदेशी विद्यार्थी गावात सेवेला येतात तेव्हा

मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत मी एक पत्र वाचून दाखवलं. परदेशातल्या एका कॉलेजच्या विद्यार्थी मंडळाला आपल्या गावात तीन आठवडे सेवेला यायचं होतं. बायकांनी विचारलं, "ताई, ही पोरं कोण, आणि येऊन करणार काय?" प्रश्न रास्त होता. आज त्यावरच बोलू.

असं मंडळ म्हणजे साधारण आपल्या बचत गटासारखंच. विद्यार्थीच आपल्यातून अध्यक्ष, सचिव, खजिनदार निवडतात, वर्गणी गोळा करतात आणि सुट्टीत दुसऱ्या देशात कामाला जातात. आयसेक ही विद्यार्थ्यांचीच जगभर पसरलेली संघटना. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ साली ती युरोपात सुरू झाली. लढाई झालेल्या देशांतल्या तरुणांनी एकमेकांना ओळखावं, हा त्यामागचा विचार. आपल्याकडेही १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजना आहे. एनएसएसची मुलं सात दिवसांच्या शिबिराला गावात येतात, ती आपण पाहिली आहेत.

पण एक फरक लक्षात ठेवा. आपल्या गटात त्याच बायका वर्षानुवर्षं असतात. विद्यार्थी मंडळात कॉलेज संपलं की पदाधिकारी बदलतात. यंदाच्या पोरांनी दिलेला शब्द पुढच्या वर्षीच्यांना माहीत असेलच असं नाही. म्हणून जे ठरेल ते कागदावर हवं.

आता आपल्याच जिल्ह्यातलं जामखेड बघा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे काम सुरू केलं. त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यातल्या कितीतरी जणी शाळेची पायरीही न चढलेल्या. त्यांनी बाळंतपणं सुखरूप केली, कुपोषित पोरं सावरली, कुष्ठरोग्यांना जवळ केलं. १९७९ साली आरोळे पती-पत्नीला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे देशोदेशीचे विद्यार्थी आणि डॉक्टर जामखेडला येऊ लागले. ते येतात शिकायला, आणि त्यांना शिकवणाऱ्यांत या गावच्या बायकाही असतात. माझं सांगणं एवढंच, की पाहुणे आपल्यावर उपकार करायला येत नाहीत. ते आपल्या दारी शिकायला येतात, म्हणून अटी आपण घालायच्या.

हे मी अनुभवावरून सांगते. काही वर्षांपूर्वी असाच एक गट आला होता. अंगणवाडी रंगवली, मुलांना चॉकलेटं वाटली, फोटो काढले, गेले. रंग एका पावसाळ्यात उडाला. नंतर आमच्या एका विधवा मैत्रिणीचा फोटो त्यांच्या देणगीच्या पत्रकावर निघाला. खाली लिहिलं होतं, ही बाई असहाय आहे. ती बाई दोन एकर कांदा करते आणि गटाचं कर्ज वेळेवर फेडते. तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. "मी काय भीक मागितली होती का?" असं ती मला म्हणाली, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून होकार देण्याआधी या गोष्टी विचारा. काम कोणी ठरवलं, त्यांनी की गावाने? गावातल्या गवंड्याची, मजुराची रोजी जाणार नाही ना? काम संपल्यावर ते पुढे कोण सांभाळणार? फोटो काढायचा तर आधी त्या बाईला विचारायचं, आणि तो कुठे छापणार तेही सांगायचं. लहान मुलांजवळ पाहुण्यांसोबत गावातली एक बाई कायम हवी.

कागदपत्रंही बघा. त्यांचा व्हिसा अशा कामाला चालतो का, ते आधी विचारा. परदेशी माणूस मुक्कामाला ठेवला तर २४ तासांच्या आत ठरलेला फॉर्म भरून कळवणं ही यजमानाची जबाबदारी असते. पोलीस ठाण्यात विचारलं की तो कसा भरायचा ते कळतं. आणि पैसे? परदेशातून देणगी घ्यायला संस्थेकडे एफसीआरए कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. ती आपल्या गटाकडे नाही. म्हणून कुणी प्रेमाने पाकीट पुढे केलं तरी गटाच्या नावावर घ्यायचं नाही.

आमच्या ग्रामसंघाने शेवटी काय केलं? त्यांना शाळा रंगवायची होती. आम्ही कळवलं, शाळा आम्ही रंगवू. तुम्ही आमच्याबरोबर गावातल्या विहिरींचं पाणी मोजा, त्याचा तक्ता शिकवा, आणि जाताना तक्ता व टेप इथेच ठेवा. पहिला आठवडा मात्र आमच्यासोबत फक्त फिरायचं, ऐकायचं. तसा ठराव लिहिला, सगळ्यांनी सह्या-अंगठे केले. आठ दिवसांनी त्यांचं उत्तर आलं, मंजूर आहे.

आता पाहुणे निघून गेल्यावरही दर महिन्याला विहीर मोजायला आपणच जाणार आहोत. तुमच्या गावाला असं पत्र आलं, तर उत्तर एकटीने देऊ नका, आधी बैठक बोलवा.