घरात समुद्र आणण्याआधी

मालेगावच्या माणसाचे पाण्याशी नाते मोसम आणि गिरणा या दोन नद्यांचे. समुद्र आपल्यासाठी मुंबईला गेल्यावर पाहायची गोष्ट. महामार्गाने पावणेतीनशे किलोमीटर दूर. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उभे राहिलेले तारापोरवाला मत्स्यालय आपल्याकडच्या कितीतरी घरांतल्या दादा-दादींनी मुलांना बोट धरून दाखवले आहे. त्या काचेपलीकडचे रंग एकदा पाहिले की मुले घरी येऊन हट्ट धरतात. हल्ली मोबाइलवर समुद्री टाक्यांचे व्हिडिओ दिसतात आणि हा हट्ट फक्त मुलांचा राहत नाही. नवे घर बांधले, बैठकीत एक भिंत मोकळी आहे, तिथे पाच फुटी समुद्र हवा! त्यात हलणारी पोवळी हवीत, नारिंगी मासे हवेत.

हट्ट आमच्याही घरात झाला. म्हणून आम्ही दुकानात जाण्याआधी वही-पेन घेऊन बसलो. त्या हिशेबातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो आहोत.

मरजान म्हणजे काय?

सूरह रहमानमध्ये दोन समुद्रांचा उल्लेख येतो आणि त्यांतून निघणाऱ्या मोती व मरजानचाही. मरजान म्हणजेच मूंगा, मराठीतले पोवळे. अंगठीतला लाल खडा आपल्या ओळखीचा आहे. तो भूमध्य समुद्रातल्या वेगळ्या जातीचा. टाकीत ठेवायची इच्छा होते ती प्रवाळभिंत बांधणारी पोवळी.

पोवळे ना दगड, ना झाड. तो प्राणी आहे. एका वसाहतीत टाचणीच्या डोक्याएवढे किंवा त्याहून थोडे मोठे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि पाण्यातला चुना घेऊन स्वतःभोवती घर बांधतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहते. ते उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा पोवळ्याला देते. रंगही बराचसा त्या शेवाळाचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अवघ्या एका अंशाने जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर हे शेवाळ बाहेर पडते. पोवळे पांढरे पडते आणि उपाशी मरू लागते. २०२४ मध्ये जगभरातल्या समुद्रांत हे घडले, आपल्या लक्षद्वीपमध्येही.

गोलसर जातीचे पोवळे वर्षाला साधारण एखादा सेंटीमीटर वाढते. म्हणजे फुटबॉलएवढा गोळा व्हायला एखाद्या माणसाचे तारुण्य जाते. तोडायला मात्र एक छिन्नी पुरते.

आधी कायदा

म्हणून भारतात प्रवाळभिंत बांधणारी सर्व पोवळी २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत आहे तीच ही यादी. काळे पोवळे, समुद्रपंखा आणि सर्व जातींचे समुद्रघोडेही तिच्यात आहेत. काही शंख-शिंपलेही संरक्षित आहेत. ही पोवळी समुद्रातून काढणे, विकणे, विकत घेणे गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतल्या जिवांबाबत शिक्षा किमान ३ वर्षे, कमाल ७ वर्षे आणि दंड किमान २५ हजार रुपये अशी आहे.

दुकानदार म्हणेल, “हे परदेशी आहे, चालते.” परदेशातून येणाऱ्या कठीण पोवळ्यांचा व्यापारही आंतरराष्ट्रीय परवान्यांनी बांधलेला आहे आणि असा जीव बाळगणाऱ्याला नोंदणी करावी लागते. आयातीचा कागद आणि नोंदणी समोर नसेल तर बोलणे तिथेच संपवावे. “जिवंत दगड” नावाने विकल्या जाणाऱ्या समुद्रातल्या खडकाचेही तेच. त्यावर पोवळ्यांचे जीव बसलेले असतात. माल कुठून आला हे विचारल्याशिवाय आपण मांस घेत नाही. मग भिंतीवरच्या शोभेसाठी ही चौकशी का नको?

आता वजन, मीठ आणि वीज

पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी धरा. ती २० घनफुटांची, म्हणजे सुमारे ५६५ लिटरची झाली. पाणी, काच, दगड, वाळू आणि लोखंडी स्टँड मिळून वजन ८०० ते ९०० किलोपर्यंत जाते, तेही दहा चौरस फुटांत. घराचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलोचा भार धरून बांधलेला असतो. इथे तो चौपटीहून जास्त होतो. लाकडी माळ्याच्या जुन्या घरात किंवा वरच्या मजल्यावर अशी टाकी ठेवूच नये. तळमजल्यावर, पक्क्या फरशीवर ठेवावी. वरच ठेवायची असेल तर आधी इंजिनिअरला विचारावे.

मीठ स्वयंपाकघरातले चालत नाही. समुद्रातल्या क्षारांत जवळपास ८५ टक्के साधे मीठ असते, पण उरलेल्यातले मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि कार्बोनेट नसेल तर समुद्री जीव टिकत नाहीत. बाजारात तयार समुद्री मीठ मिळते. एका लिटरला सुमारे ३५ ग्रॅम. म्हणजे ५०० लिटर पाण्याला साडेसतरा-अठरा किलो, आणि पुढे दर पंधरा दिवसांनी दहा टक्के पाणी बदलताना पावणेदोन किलो.

पाणी नळाचे किंवा बोअरचे थेट चालत नाही, त्यातल्या क्षारांमुळे शेवाळ माजते. आरओचे, तेही आणखी एका गाळणीतून गेलेले शुद्ध पाणी लागते. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण तीन लिटर बाहेर टाकतो. पहिल्या भरणीतच दीड हजार लिटर बाहेर पडले! वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी उधळू नये, ही शिकवण असलेल्या घरात हे पाणी गटारात सोडता येत नाही. ते ड्रममध्ये धरून लादी, भांडी, गाडी आणि संडासासाठी वापरावे लागते. टाकीतून काढलेले खारे पाणी मात्र झाडांना घालू नये, झाडे जळतात.

वीज हा आपल्या शहराचा जुना दुखरा भाग. लाइट गेली की लूम थांबतो, कारागीर बाहेर येऊन बसतो आणि लाइट आली की माग पुन्हा सुरू होतो. टाकीला ही सोय नाही. पाण्याचा प्रवाह थांबला की प्राणवायू कमी होऊ लागतो. जेवढे मासे जास्त आणि पाणी जेवढे गरम, तेवढा वेळ कमी.

पोवळ्यांना २५ ते २७ अंशांचे पाणी लागते. मालेगावात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ च्या पुढे जातो. म्हणून पाणी थंड करणारे चिलर यंत्र आले. आम्ही असा हिशेब मांडला: चिलर ४५० वॅटचा, दिवसात १४ तास चालला तर सहा युनिटच्या वर, दिवे २५० वॅटचे, आठ तास, दोन युनिट, पंप आणि मैला काढणारे यंत्र मिळून १३० वॅट, चोवीस तास, तीन युनिट. दिवसाला सुमारे साडेअकरा, महिन्याला ३४० युनिट. हे उन्हाळ्याचे गणित. हिवाळ्यात कमी होईल. पण ज्या घराचे एकूण बिलच तेवढ्या युनिटांचे आहे, तिथे ही टाकी म्हणजे शेजारी दुसरे घर चालवणे आहे.

दुकानातून मासे नव्हे, आधी सबर

समजा एवढे सगळे जमले. तरी टाकी भरल्याच्या दिवशी मासे सोडायचे नाहीत. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. तो खाणारे जिवाणू दगडात आणि वाळूत हळूहळू वस्ती करतात. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस मासे न सोडता, दुकानात मिळणारे अमोनियाचे थेंब घालून वाट पाहायची. तपासणीच्या किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की मग पहिली जोडी सोडायची. बीम चढवून दोर सांधल्याशिवाय माग चालवत नाहीत, तसेच हे.

त्यानंतरही रोजचे काम असते. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहते. म्हणून कमी झालेले पाणी गोड्या शुद्ध पाण्याने भरायचे, खाऱ्या नव्हे. आपल्या कोरड्या हवेत मोठ्या टाकीतून उन्हाळ्यात दिवसाला काही लिटर सहज उडतात. क्षारता मोजायची. काच पुसायची. वायर खाली झोल देऊन वर न्यायच्या, म्हणजे थेंब ओघळून बोर्डात जात नाहीत. आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवायचाच, कारण घरात लहान मुले आहेत.

आमच्या घरी हे सारे वाचून झाल्यावर दादींनी एकच प्रश्न विचारला. “अरे, आपण ईदला गावी गेलो, कुणी उमराहला गेले, तर यांना कोण पाहणार?” त्या प्रश्नाला चिलर, पंप किंवा पैसा हे उत्तर नव्हते. मांजरीला बांधून ठेवणाऱ्या, तिला खायलाही न देणाऱ्या आणि सोडूनही न देणाऱ्या बाईची हदीस आपण मुलांना सांगतो. काचेत बंद केलेला मासा त्याच मांजरीसारखा परावलंबी आहे. तो स्वतःचे अन्न शोधू शकत नाही, पाणी बदलू शकत नाही, निघून जाऊ शकत नाही. तो अमानत आहे.

मग काय करावे?

आमच्या हिशेबाचे उत्तर “नको” असे आले नाही. ते “लहान, आणि पोवळ्यांशिवाय” असे आले.

तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी सुमारे १९० लिटरची होते. वजन, मीठ, आरओचे पाणी सगळे तिसऱ्या हिश्श्यावर येते. पोवळी नसल्याने प्रखर दिवे लागत नाहीत. दगड मातीचे भाजलेले किंवा कृत्रिम घ्यावेत. काही महिन्यांत त्यांच्यावर जांभळा-गुलाबी थर चढू शकतो आणि डोळ्यांना ते खरेच वाटतात. उष्णतेसाठी पाण्यावर वारा टाकणारा छोटा पंखा लावता येतो. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने टाकीही दोन-तीन अंशांनी उतरते. मे महिन्यात एवढ्याने भागत नाही, तेव्हा छोटा चिलर किंवा घरातली सर्वांत थंड खोली लागते. लाइट जाण्यासाठी सेलवर चालणारा हवेचा पंप घरात असावाच.

मासे समुद्रातून पकडलेले नको, हौदात पिलवलेले घ्यावेत. काही देशांत प्रवाळातले मासे सायनाइड फवारून, गुंगवून पकडले जातात. त्यात मासा मरतो आणि पोवळेही मरते. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश मात्र आता हौदात वाढतो. केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या बीजोत्पादनाचे तंत्र बसवले आहे. आपल्या राज्यात नवी मुंबईत ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानची शोभिवंत समुद्री माशांची उबवणी आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या मदतीने बेटावरच्या स्त्रिया शोभेचे मासे आणि झिंगे वाढवायला शिकल्या आहेत. तिथली वस्ती जवळपास सगळी मुसलमान आहे. आपल्या बहिणींनी समुद्र न ओरबाडता त्यातून कमाई करावी, ही बातमी आम्हाला तरी फार गोड वाटली.

क्लाउनफिशची एक जोडी अशा टाकीला पुरे. हा मासा नीट सांभाळला तर दहा वर्षे आणि त्याहूनही जास्त जगतो. आज आठवीत असलेली मुलगी लग्न होऊन सासरी जाईल तोपर्यंत तो टाकीत असेल. म्हणून टाकी कुणाच्या नावावर, खाणे कोण घालणार, पाणी कोण बदलणार, गावी गेल्यावर किल्ली कोणत्या शेजाऱ्याकडे, हे कागदावर लिहून भिंतीला लावल्यावरच पहिली काच विकत घ्यावी.

आणि पोवळी पाहायची असतील तर?

ती समुद्रातच पाहावीत. आपल्या राज्यात मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि तिथे पाण्यात उतरून पोवळी पाहता येतात. फक्त पाय ठेवू नये, हात लावू नये, तुकडा उचलू नये. मुंबईतही ती आहेत. २०२० मध्ये सागरी किनारा रस्त्याच्या कामात हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरची पोवळी उचलून दुसरीकडे लावावी लागली. हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणाऱ्या वाटेवरून आपण किती वेळा गेलो असू. त्या पाण्याखाली मरजान आहे हे किती जणांना माहीत होते?

मुलांना एकदा मालवणला न्यावे. तो खर्च एका चिलरपेक्षा नक्कीच कमी आहे.