अंगठा कुठे ठेवायचा? : पिस्तुलाची पकड आणि सेफ्टीचा खटका

गेल्या वेळी आपण सुताराचा रंधा आणि तबलजीची बोटं यांच्याबद्दल बोललो. ‘माहीत असणं’ वेगळं आणि ‘जमणं’ वेगळं, हा गिल्बर्ट राइलने १९४९ साली ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या पुस्तकात मांडलेला फरकही पाहिला. आज उदाहरण पिस्तुलाचं घेऊ. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात पिस्तूल कशाला, असं काहींना वाटेल. रंधा चुकला तर फळी वाया जाते. इथे हात चुकला तर माणूस जातो. सवयीचा प्रश्न इतका धारदार दुसरीकडे क्वचितच सापडतो.

आधी शब्द ठरवू. मराठीत ‘घोडा’ या एका शब्दावर आपण फार भागवतो. घोडा ओढला म्हणजे चाप ओढला, घोडा चढवला म्हणजे हॅमर मागे खेचला, आणि मुंबईच्या टोळ्यांच्या बोलीत तर अख्खं पिस्तूलच घोडा! आज हे चालायचं नाही. तर्जनीने ओढतो तो चाप. मागून येऊन आपटतो तो हॅमर. वरचा मागेपुढे सरकणारा भाग ती स्लाइड. आणि अंगठ्याने वरखाली करायचा तो सेफ्टीचा खटका.

जॉन ब्राउनिंग यांचं पिस्तूल अमेरिकी सैन्याने १९११च्या मार्चमध्ये स्वीकारलं, म्हणून त्याचं नावच ‘१९११’ पडलं. आजही या विषयाची चर्चा त्याच्यापासूनच सुरू होते. त्याला दोन सेफ्टी आहेत. एक मुठीच्या पाठीवरची पट्टी: अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्याने, तळव्याने ती दाबली गेली तरच चाप हलतो. दुसरा डाव्या बाजूचा खटका: वर केला की बंद, खाली दाबला की मोकळा. हॅमर चढलेला असेल तरच हा खटका वर जातो आणि स्लाइडही जखडून ठेवतो.

हा खटका आला कुठून? ब्राउनिंग यांच्या १९१०च्या नमुन्यावर तो नव्हता. घोडदळाची तक्रार अशी, की एका हातात लगाम, दुसऱ्यात हॅमर चढलेलं पिस्तूल, खाली उसळतं जनावर. अशा वेळी एका हाताने हॅमर अलगद उतरवणं म्हणजे अपघाताला बोलावणं. म्हणजे खटका मुळात आला तो पिस्तूल पटकन बंद करता यावं म्हणून. पटकन मोकळं करण्याची घाई नंतरच्या लोकांची. लोखंडाचा तुकडा तोच, पण हाताकडून त्याची मागणी बदलली, आणि त्यातून पकडीचा प्रश्न निर्माण झाला.

आता अंगठ्याकडे येऊ. सहज म्हणून पिस्तूल धरलं तर अंगठा कुठे जातो? खटक्याच्या खाली, मुठीभोवती, तांब्याचा गळा धरावा तसा. ही पकड आरामाची वाटते. पण गोळी सुटली की पिस्तूल हिसका देऊन उसळतं, आणि खालून टेकलेला अंगठ्याचा सांधा खटक्याला वर ढकलू शकतो. पुढच्या वेळी चाप ओढावा तर काहीच होत नाही! पिस्तूल बिघडलेलं नसतं. धरणाऱ्यानेच ते नकळत बंद केलेलं असतं.

म्हणून अमेरिकेत १९५०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात जेफ कूपर यांच्याभोवती जमलेल्या नेमबाजांपासून पुढे एक रीत रुळली: अंगठ्याने खटका खाली दाबायचा आणि अंगठा तिथेच, खटक्यावरच ठेवायचा. नेमबाजी चालू आहे तोवर उचलायचा नाही. म्हणजे आधी पकडायचं आणि मग खटका शोधायचा, असं राहत नाही. खटका दाबणं हाच पकडीचा शेवटचा भाग होतो.

ऐकायला सोपं. हात मात्र लगेच हिशेब मागतो. अंगठा वर उचलला की काही जणांचा तळवा मुठीच्या पाठीवरून किंचित सुटतो. मग मागची पट्टी पुरती दाबली जात नाही. खटका मोकळा, तरी चाप अडलेला. यावर उपाय म्हणून कारागिरांनी त्या पट्टीच्या खालच्या टोकाला उंचवटा दिला, म्हणजे पोकळ तळवाही तिला टेकतो. काहींनी पट्टी कायमची दाबून बांधूनच टाकली. आम्हाला हे पटत नाही. हाताची अडचण सोडवायला यंत्राचा पहारेकरी झोपवणं हा उपाय नव्हे. दुसरी अडचण, उंच अंगठा स्लाइडला घासतो, तिचा वेग मारतो आणि पुढची गोळी अडकते. तेव्हा दाब हवा तो खाली, आत नको. हा फरक सांगून कळत नाही, रिकाम्या पिस्तुलावर शेकडो वेळा करून कळतो. रिकामं म्हणजे दोनदा उघडून पाहिलेलं, खोलीत एकही काडतूस नसलेलं, आणि शेजारी शिकवणारा असलेला.

दुसरा हात राहिलाच. उजवा अंगठा वर गेल्यामुळे मुठीच्या डाव्या अंगावर जागा मोकळी होते. डाव्या तळव्याचा मांसल भाग तिथे बसवायचा आणि डावा अंगठा उजव्याच्या खाली, समोर रोखलेला ठेवायचा. १९८०च्या दशकात रॉब लेथम आणि ब्रायन इनॉस या स्पर्धकांमुळे ही दोन्ही अंगठे पुढे ठेवायची पकड सर्वत्र पोचली.

इथे आपल्या वैशेषिकांची आठवण येते. ‘संस्कार’ नावाच्या गुणाचे ते तीन प्रकार सांगतात: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. पिस्तुलात तिन्ही एकत्र भेटतात. गोळीचा वेग, स्प्रिंगचं मूळ जागी परतणं, आणि सरावाने मुरलेली भावना. अभ्यासाने भावना दृढ होते, असं प्रशस्तपाद म्हणतात. मात्र भावना त्यांच्या मते आत्म्याचा गुण आहे, अंगठ्याचा नव्हे. ‘हाताला कळतं’ हे आपलं बोलणं त्यांनी खपवून घेतलं नसतं.

पण दृढ झालेली भावना दुसऱ्या पिस्तुलावर नेली तर? अमेरिकी सैन्याने १९८५ साली बेरेटाचं एम-९ घेतलं. त्याचा खटका स्लाइडवर, आणि दिशा उलटी: खाली म्हणजे बंद, वर म्हणजे मोकळा. १९११वर मुरलेला अंगठा जोरात खाली दाबला, तर ऐन वेळी पिस्तूल मोकळं होण्याऐवजी बंद होणार. शिवाय तो स्लाइडवर असल्याने अंगठा तिथे विसावूही शकत नाही. स्लाइड मुठीत धरून ओढताना त्याला धक्का लागून तो खाली जाण्याचीही भीती. मग २०१७ साली निवडलेल्या एम-१७चा खटका पुन्हा खालच्या सांगाड्यावर, आणि पुन्हा खाली म्हणजे मोकळा. ज्याने दोन्ही हाताळली त्याला एक सवय पुसून दुसरी बसवावी लागली. पुसणं हे बसवण्यापेक्षा अवघड.

म्हणूनच खटक्यावर किती विसंबायचं याबद्दल आमचं मत कडक आहे. ‘सेफ्टी लावलीय’ म्हणून चापावर बोट ठेवणारा माणूस सेफ्टी न लावणाऱ्यापेक्षा धोकादायक. नेम लक्ष्यावर येईपर्यंत तर्जनी चापाबाहेर, सांगाड्यावर सरळ. अंगठा खाली दाबला जातो तोही नेम वर येताना. नेम उतरला की आधी बोट बाहेर, मग खटका वर. हा क्रम पिस्तूल बदललं तरी बदलत नाही, फक्त अंगठ्याची दिशा बदलते.

डावखुऱ्यांचं काय, असा प्रश्न चिठ्ठीवर आलाय. मूळ १९११ त्यांच्यासाठी नव्हतंच. आता दोन्ही बाजूंना खटके असलेली पिस्तुलं मिळतात, पण मग दुसऱ्या बाजूचा खटका उजव्या हाताच्या तर्जनीच्या मुळाशी टोचतो, म्हणून तो बहुधा अरुंद ठेवतात. आणि आपल्याकडे इशापूरच्या कारखान्यात बनणारं ९ मिलिमीटरचं पिस्तूल हा ब्राउनिंग यांच्याच हाय-पॉवरचा अवतार. त्यावर मुठीची पट्टी नाही, त्यामुळे तळवा सुटण्याची भानगड नाही. पण खटका इतका छोटा, की त्यावर अंगठा विसावणं कठीण. तिथे अंगठ्याच्या पेरापेक्षा त्याच्या टोकाने दाबायला शिकावं लागतं, आणि पुढे अंगठा नेमका कुठे ठेवायचा हे ज्याच्या त्याच्या हाताच्या मापावर ठरतं.