वस्तीतल्या मुलांना गोष्ट सांगताना

दलित साहित्याची चर्चा आपण कविता, आत्मकथन, कथा, नाटक या अंगांनी पुष्कळ केली. 'बलुतं' १९७८ साली आले, 'उपरा' १९८० साली आले; पुढे आत्मकथनांवर परिसंवाद झाले, प्रबंध झाले. परंतु ज्या मुलाला अजून धड वाचता येत नाही, त्याच्यापर्यंत हे सारे कशाने पोचणार, हा प्रश्न त्या परिसंवादांत मी क्वचितच ऐकला. सात-आठ वर्षांचे मूल वैचारिक लेख वाचीत नाही. त्याच्यापर्यंत पोचते ती गोष्ट. आणि ही जागा आपण मोकळी सोडली म्हणून ती मोकळी राहते असे नाही. तेथे प्रस्थापितांची गोष्ट आधीच मांडी घालून बसलेली असते.

मी प्राथमिक शाळेत शिकवतो आणि शनिवारी दुपारी वस्तीतल्या वाचनालयात मुलांना गोष्टी सांगतो. त्या अनुभवाच्या आधारे काही मांडावे, विशेषतः जे तरुण शिक्षक आणि कार्यकर्ते हे काम हाती घेऊ पाहतात त्यांच्यापुढे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एकलव्याची गोष्ट घ्या. महाभारताच्या आदिपर्वातली ही कथा शाळेशाळेतून गुरुभक्तीची कथा म्हणून सांगितली गेली. निषादांचा मुलगा विद्या मागायला येतो, द्रोण नाकारतो, मुलगा मातीची मूर्ती करून एकटाच शिकतो, आणि भुंकणाऱ्या कुत्र्याचे तोंड बाणांनी बंद करण्याइतका तरबेज होतो. अर्जुनाला ते सहन होत नाही. मग द्रोण जाऊन दक्षिणेत उजव्या हाताचा अंगठा मागतो. येथे मास्तर थांबतात आणि फळ्यावर तात्पर्य लिहितात: गुरूची आज्ञा पाळावी. मी ही गोष्ट सांगतो, परंतु तात्पर्य सांगत नाही. थांबतो आणि गप्प बसतो. एकदा चौथीतल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, शिकवलंच नाही, मग फी कशाची?" दुसरा म्हणाला, "अर्जुनाचा अंगठा का नाही मागितला?" या दोन प्रश्नांत जे आले ते सांगायला आपल्याला व्याख्यान द्यावे लागले असते, आणि व्याख्यानाला मुले जांभया देतात. मूल अन्यायाची जागा स्वतः हुडकून काढते. आपण ती जागा तात्पर्याने लिंपून टाकली नाही म्हणजे झाले.

काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, या कथा मुळीच सांगू नका. मला ते पटत नाही. मूल या कथा दूरदर्शनच्या पडद्यावर, गणपतीच्या मांडवात, शेजारच्या घरात ऐकणारच आहे. न सांगण्याने कथा मरत नाही, तिला प्रश्न विचारणारा मात्र कोणी उरत नाही. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त काय केले? दशावतारांच्या कथा त्यांनी टाळल्या नाहीत. त्या एकेक घेऊन धोंडीबाच्या तोंडी शंका घातल्या आणि संवादातून त्यांची चिरफाड केली. वामनाने पाताळात घातलेला बळी त्यांनी आपला राजा म्हणून उभा केला. त्या राजाची आठवण तर दिवाळीत ओवाळणाऱ्या बाया ओठांवर घेऊन होत्याच. जोतीरावांनी ती आठवण आणि पुराण यांना समोरासमोर आणले. गोष्ट सांगणाऱ्याने हे तंत्र नीट पाहावे. एक सांगणारा, एक विचारणारा, आणि विचारणारा मूर्ख नसतो.

एकलव्याच्या जोडीला मी अंबजातक सांगतो. जातककथांची परंपरा आपण १९५६ नंतर आपली म्हणून स्वीकारली. धर्मानंद कोसंबी आणि दुर्गा भागवत यांच्यामुळे त्या मराठीत आल्या. परंतु विहारांतून सांगितल्या जातात त्या बहुधा माकडाच्या, सशाच्या, हरणाच्या. अंबजातक फारसे कोणी सांगत नाही. म्हणून ते येथे थोडे विस्ताराने देतो.

एका चांडाळाला असा मंत्र येत होता की, अवेळी आंबा पिकावा. तो रानात जाई, झाडापासून सात पावलांवर उभा राही, मंत्र म्हणून पाणी शिंपडी. जुनी पाने गळत, नवी पालवी फुटे, मोहोर येई आणि पिकलेले आंबे खाली पडत. ते विकून तो संसार चालवी. एका ब्राह्मण तरुणाने हे पाहिले. विद्या मिळावी म्हणून तो त्याच्या घरी राहिला. पाणी भरले, लाकडे आणली, पाय चेपले. अखेर चांडाळाच्या बायकोने रदबदली केली आणि मंत्र मिळाला. अट एकच: कोणी विचारले तर गुरूचे नाव लपवू नको, लाजून लपवलेस तर मंत्र जाईल. तरुण शहरात गेला, त्याचे आंबे राजापर्यंत पोचले, मान मिळाला. राजाने विचारले, विद्या कोणाची? त्याने लाजून सांगितले, तक्षशिलेच्या एका थोर आचार्याची. त्या क्षणी मंत्र गेला. पुढे राजाने पुन्हा आंबे मागितले तेव्हा हा झाडापुढे उभा, मंत्र आठवत नाही, आणि म्हणतो, नक्षत्रांचा योग जुळत नाही! येथे मुले हमखास हसतात. शेवटी खरे सांगावे लागते. राजा त्याला हाकलतो, विद्या देणाऱ्याची जात कसली पाहतोस म्हणून. तो परत गुरूकडे येतो. गुरू दुसऱ्यांदा मंत्र देत नाही.

या दोन कथा लागोपाठच्या दोन शनिवारी सांगितल्या की तिसऱ्या शनिवारी काही सांगावे लागत नाही. एकीत वरचा गुरू न शिकवता अंगठा घेतो. दुसरीत खालचा गुरू शिकवतो आणि फक्त नाव मागतो. मुले हे आपसांत बोलतात, भांडतात. "परत का नाही दिला मंत्र, माफी मागितली ना त्यानं?" या प्रश्नावर आमच्याकडे एकदा अर्धा तास वाद झाला. मी कोणाच्याही बाजूने निकाल दिला नाही.

सांगण्याच्या पद्धतीविषयी आता. पुस्तक हातात धरून वाचणे निराळे आणि सांगणे निराळे. सांगताना डोळे मुलांकडे असावे लागतात. गुजरातेत गिजुभाई बधेकांनी भावनगरच्या बालमंदिरात गोष्टीला अभ्यासाइतकीच प्रतिष्ठा दिली, गोष्ट सांगण्याच्या शास्त्रावर पुस्तक लिहिले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत असे पाहून बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तेथून आला. माझ्या मते यातले मर्म जागेत आहे. मूल आपल्या अंगणात बसते तेव्हा ते पाहुणे नसते, उपराही नसते.

बसण्याची व्यवस्था हा आपल्या समाजाला क्षुल्लक वाटण्याजोगा विषय नाही. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे आणि ते गोणपाट रोज घरून आणावे, घरी न्यावे लागे. साफसफाई करणारा शाळेचा गडीसुद्धा त्याला शिवत नसे. म्हणून गोष्टीच्या तासाला मी रांगा मोडतो. गोल बसवतो. गोलाला मागचा बाक नसतो. दार-खिडकीजवळ कोण, फळ्याजवळ कोण, हा रोजचा अदृश्य हिशेब निदान त्या अर्ध्या तासापुरता मोडतो. पहिली-दुसरीला दहा-बारा मिनिटांपेक्षा लांब गोष्ट नको. मोठ्या मुलांना दोन बैठकांची चालते.

त्यानंतर भाषा. आमच्या वर्गातले मूल 'पानी' म्हणते, 'व्हतं' म्हणते, 'म्या गेलो' म्हणते. ते बोलू लागताच शिक्षक दुरुस्त करतो आणि मूल तोंड मिटते, ते दहावीपर्यंत. प्रमाणभाषा शिकवायला हवीच, ती परीक्षेची, कचेरीची, कोर्टाची भाषा आहे. तिच्यावाचून आपल्या मुलांचे चालणार नाही. परंतु गोष्टीचा तास त्या कामासाठी नाही. मुलाने ऐकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी आपल्या बोलीत सांगावी, मी ती त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहावी, आणि मुलांनी ती वाचावी, असा क्रम मी ठेवतो. आपण बोललो तेच फळ्यावर उमटले हे पाहून मूल वाचायला शिकते. अक्षरओळखीच्या पुस्तकातल्या 'कमळ बघ'शी त्याचे काही नाते नसते. 'कुत्र्याचं थोबाड बानानं शिवलं' हे वाक्य त्याचे स्वतःचे असते. प्रमाणरूप पुढच्या आठवड्यात शेजारी लिहितो, खोडून नव्हे. अण्णा भाऊ साठ्यांचे शालेय शिक्षण दीड दिवसाचे, आणि 'फकिरा' १९५९ साली लिहिली ती अशाच ऐकलेल्या, बोललेल्या मराठीच्या बळावर, हे शिक्षकांनी विसरू नये.

बाबासाहेबांच्या जीवनातले प्रसंग सांगताना आपले लोक फार घाई करतात. जन्म, पदव्या, महाड, संविधान, धम्मदीक्षा. एका दमात महापुरुष उभा. मुलांना त्यात धरायला काही सापडत नाही. त्याऐवजी मसूरचा प्रवास सांगावा. १९०१ च्या सुमारास, नऊ वर्षांचा भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीचा मुलगा नवे कपडे घालून आगगाडीने वडिलांकडे निघतात. मसूरला उतरतात, घ्यायला कोणी नाही, कारण पत्र आल्याचे गडी वडिलांना सांगायला विसरला. स्टेशनमास्तर गोड बोलतो, जात कळताच मागे सरतो. गाडीवान मिळत नाही. अखेर दुप्पट भाडे ठरते, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. डब्यात जेवण आहे, पाणी नाही. रात्री जकात नाक्यावर पाणी मागतात, तेही मिळत नाही. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. मी ते सांगतो तेव्हा कोठेही विशेषण वापरत नाही. गाडी, बैल, अंधार, डबा, तहान. पाचवीच्या खालच्या मुलांना मी हा प्रसंग एकदम सांगत नाही; आणि सांगितला तर तेथेच सोडत नाही, पुढे महाडच्या तळ्यावर, १९२७ पर्यंत नेतो. तहानेची गोष्ट पाण्यापर्यंत न्यावी. अर्ध्यावर सोडली तर लहान मुलाच्या मनात भीती तेवढी राहते.

अडचण येते ती मिश्र वर्गात. शाळेत सर्व जातींची मुले असतात. अशा गोष्टीनंतर चार माना एका मुलाकडे वळतात, हे मी पाहिले आहे. म्हणून वर्गात मी कधीही "तुमच्यातले कोणी" असे विचारत नाही. प्रश्न मसूरच्या स्टेशनमास्तरविषयी विचारतो. त्याला काय वाटले असेल? त्याच्या जागी तू असतास तर घरी जाऊन काय सांगितले असतेस? यामुळे ज्या मुलाने कधी अपमान सोसला नाही त्यालाही काम मिळते. आणि १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आलेला, फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ताबाई या मांग मुलीचा निबंध मी वरच्या वर्गांना माहीत करून देतो. त्यांच्याच वयाच्या आसपासची मुलगी लिहिते, ते छापले जाते, एवढे कळले तरी मुलींच्या वह्या भरू लागतात.

वाचनालयांची स्थिती वेगळी सांगायला नको. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि त्यात गोष्टींची पुस्तके असावीत असे सांगितले. पुष्कळ ठिकाणी ते ग्रंथालय म्हणजे कुलूपबंद कपाट, आणि पुस्तक फाटले तर जबाबदार कोण या भीतीने किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात. आमच्या वस्तीतल्या वाचनालयात आम्ही कपाटाला दारे ठेवली नाहीत. गोष्ट मी मुद्दाम मध्येच थांबवतो आणि पुस्तक कोणत्या फळीवर आहे ते सांगतो. ज्याला वाचता येते तो धावतो, ज्याला येत नाही तो त्याच्या पाठोपाठ जाऊन बसतो. पुस्तके फाटतात. डिंक आणि कागदाच्या पट्ट्या मुलांच्याच हाती दिल्या आहेत.

महिन्यातून एकदा सांगायचे काम माझ्याकडे नसते. वस्तीतली एखादी आजी येते. यांच्याकडे जात्यावरच्या ओव्या आहेत, जलशांच्या आठवणी आहेत, भीमराव कर्डकांच्या जलशाविषयी मोठ्यांकडून ऐकलेले आहे, ७२ च्या दुष्काळात खडी फोडल्याच्या हकिकती आहेत. प्रथम त्या म्हणतात, "आमाला काय येतंय बाबा, आमी आडाणी." मग एखादी सुरू होते ती थांबत नाही. सातवीतली दोन मुले समोर वही घेऊन बसतात आणि ऐकले तसे उतरून घेतात. अशा तीन वह्या भरल्या आहेत. त्यांतल्या एकीवर मुलांनीच पांढऱ्या कागदाची चिठ्ठी चिकटवली, वर आजीचे नाव घातले आणि ती इतर पुस्तकांच्या रांगेत फळीवर उभी करून ठेवली.