बैलाची वेदना आणि कायद्यातली ‘गरज’

प्राण्यांना वेदना होतात, हे आज विज्ञान बव्हंशी मान्य करते; परंतु त्या वेदनेची दखल कायद्याने कुठवर घ्यावी, हा प्रश्न अजून सुटलेला नाही आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींच्या वादात तो विशेष ठळकपणे पुढे आला आहे.

सतराव्या शतकात देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने विचारशील आत्मा केवळ माणसालाच असतो असे मानून प्राण्यांच्या हालचालींची तुलना यंत्राशी केली. त्याउलट, इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथम याने 1789 मध्ये असे प्रतिपादन केले की प्राण्याला बुद्धी किंवा वाणी आहे का, यापेक्षा त्याला दुःख होते का, हाच नैतिकदृष्ट्या निर्णायक मुद्दा आहे. सुखदुःख अनुभवण्याच्या या क्षमतेला संवेदनक्षमता म्हणतात. 2012 मध्ये केंब्रिज येथे जमलेल्या मेंदूशास्त्रज्ञांनी, जाणिवेला लागणारी मज्जासंस्थेतील रचना सस्तन प्राणी, पक्षी आणि ऑक्टोपस यांच्यातही असल्याचे जाहीरनाम्याद्वारे सांगितले.

भारतातील 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा ही संवेदनक्षमता गृहीत धरतो, मात्र तो सर्व वेदनांना नव्हे, तर ‘अनावश्यक’ वेदनांना मनाई करतो. त्यामुळे विहित पद्धतीने केलेले खच्चीकरण किंवा डागणे गुन्हा ठरत नाही, आणि गरज कोणाची व ती कोणी ठरवायची, हा प्रश्न कायद्याच्या मुळाशीच राहतो.

सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी नागराजा खटल्यात या प्रश्नाचे उत्तर प्राण्याच्या बाजूने दिले. रवंथ करणारा, जड पोटाचा बैल घोड्यासारखा धावण्यासाठी घडलेला नाही. शेपटी पिरगाळली, पराणी टोचली किंवा आसूड ओढला की तो जिवाच्या भीतीने पळतो, आणि ही भीतीच प्रेक्षकांना वेग म्हणून दिसते, असे त्या निकालातील विवेचनाचे सार आहे. करमणूक ही गरज नव्हे, असे ठरवून न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टू हा बैलांचा खेळ व बैलगाडा शर्यती यांवर बंदी घातली, राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधील ‘जीवन’ या संज्ञेचा अर्थ प्राणिजीवनापर्यंत विस्तारला आणि भूक, भय, शारीरिक गैरसोय व आजार यांपासून मुक्तता तसेच स्वाभाविक वर्तनाची मोकळीक, ही पाच स्वातंत्र्ये मान्य केली.

महाराष्ट्राने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती वैध ठरवली. नव्या नियमांमुळे प्राण्यांच्या यातना मोठ्या प्रमाणात कमी होतात, तसेच राज्यघटनेने प्राण्यांना मूलभूत अधिकार दिल्याचा पूर्वनिर्णय नाही, असे पीठाने म्हटले; मात्र नियमांच्या काटेकोर अंमलबजावणीची जबाबदारी त्याने जिल्हाधिकाऱ्यांसह सक्षम अधिकाऱ्यांवर टाकली.

तत्त्वज्ञानाच्या भाषेत हा कल्याणवाद आणि अधिकारवाद यांतील भेद आहे: कल्याणवाद प्राण्याचा वापर मान्य करून त्याचा त्रास कमी करू पाहतो, तर अधिकारवाद त्या वापरालाच आव्हान देतो. भारतीय कायदा आज पहिल्या बाजूला उभा आहे, आणि ही भूमिका स्वीकारली तरी तिच्याशी प्रामाणिक राहणे बंधनकारक ठरते. प्रत्यक्षात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्यासाठी 1960 च्या कायद्यात सांगितलेला दंड दहा ते पन्नास रुपयांचा आहे आणि ही शिक्षा परिणामकारक करावी, अशी अपेक्षा न्यायालयाने 2014 मध्येच संसदेकडे व्यक्त केली होती. बैलाची वेदना कायद्याला खरोखर मान्य असेल, तर संसदेने हा दंड तातडीने वाढवला पाहिजे आणि शर्यतीच्या प्रत्येक घाटावर (धावपट्टीवर) पराणी व आसूड यांवरील बंदी केवळ कागदावर राहणार नाही, याची खबरदारी प्रशासनाबरोबरच गाडामालकांनी व प्रेक्षकांनीही घेतली पाहिजे.